जेवन्या बाजूचं अक्षर

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटतो. माझं सगळं आयुष्य क्ष-किरण विभागात गेलं. माणसाच्या आत काय असतं ते मी रोज पाहत होतो. हाडं असतात, हवा असते, पाणी असतं, एखाद्या पोराच्या पोटात गिळलेलं नाणं असतं. याखेरीज काही असतं असं फिल्मवर कधी दिसलं नाही. त्यामुळे अमानवीय वगैरे शब्द मला कधी झेपले नाहीत... आजही झेपत नाहीत. पण एक फोटो माझ्या कपाटात आहे आणि तो मला समजावून सांगणारा माणूस अजून भेटलेला नाही. त्या फोटोच्या मागे एक जुनी गोष्ट आहे. ती आधी सांगावी लागेल, कारण ती मी आजवर खोटी सांगत आलो.

मी राहतो सिंदी मेघेला. नोकरी वर्धा जिल्ह्यातल्याच एका रुग्णालयात केली — नाव लिहीत नाही, तिथली त्या वेळची माणसं आता नाहीत आणि दोष त्यांचा नव्हताच. मी तिथे मुख्य एक्स-रे टेक्निशियन होतो आणि डिप्लोमाची पोरं माझ्या हाताखाली शिकायला यायची. डार्करूममध्ये फिल्म धुणं, पेशंटला उभं करणं, 'श्वास घ्या, थांबा, सोडा' हे नीट आवाजात म्हणणं... सगळं मीच शिकवायचो. पण पहिला धडा ठरलेला. अक्षर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुनी एक्स-रे फिल्म पारदर्शक असते. पुढून पाहा, मागून पाहा, सारखीच दिसते. मग डावी बाजू कोणती आणि उजवी कोणती हे कळायचं कसं? त्यासाठी फोटो काढतानाच पेशंटच्या उजव्या बाजूला शिशाचं R हे अक्षर किंवा डाव्या बाजूला L चिकटवायचं. शिशातून किरण जात नाहीत, अक्षर पांढरं उमटतं. अक्षर सुलट वाचता आलं की फिल्म सुलट. "आधी अक्षर, मग माणूस," असं मी पोरांना सांगायचो.

वीसेक वर्षांपूर्वीच्या एका बॅचमध्ये करुणा नावाची मुलगी होती. आर्वीकडच्या एका खेड्यातली, बौद्ध कुटुंबातली. घरात डिप्लोमापर्यंत पोचलेली पहिलीच. बोलणं अस्सल वऱ्हाडी. पेशंटला 'श्वास रोखा' म्हणायच्या ऐवजी "सास धरून ठेवा बरं आजी, सुटला तर फोटोत दोन आज्या दिसतीन," असं काहीतरी बोलायची आणि आजी हसली की तिला पुन्हा धरून ठेवायला लावायची. मी रागवायचो. पण तिचे फोटो हलायचे नाहीत, हेही खरं.

त्या वर्षी आमची शिशाची अक्षरं हरवली होती. एवढीशी असतात, चिकटपट्टीसोबत कचऱ्यात जातात. नवी मागवली होती, येत नव्हती. करुणाचा मामा जाम गावच्या चौकात ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा. बॅटरीत शिसंच असतं. ती म्हणाली, "सर, मामाले सांगू का? तो पाघरवून (म्हणजे वितळवून) देईल." मी म्हटलं, सांग.

सोमवारी ती आली आणि टेबलापाशी नुसती उभी राहिली. "काय झालं?" तर तिनं मूठ उघडली. तळहातावर दोन शिशाची अक्षरं होती. एक 'डा'. एक 'जे'.

"हे काय गं?"

"सर, मी त्याले म्हटलं, एक डाव्या बाजूचं अक्षर पाह्यजे अन् एक जेवन्या बाजूचं. त्यानं तेच बनवलं ना! आता त्याले कोन सांगते एबीसीडी."

आमच्याकडे उजव्या हाताला जेवना हात म्हणतात. डावा आणि जेवना. मामानं बरोबर त्याचंच अक्षर पाडलं होतं. 'जे'वरची मात्रा ओतताना जरा वाकली होती, बैलाच्या एका शिंगासारखी. मी खूप हसलो. आणि नवी अक्षरं येईपर्यंत हीच वापरा म्हणालो. हे मी म्हणालो होतो, हे लक्षात ठेवा.

त्यानंतर काही दिवसांनी शंकरभाऊ नावाचा एक शेतमजूर पोटात दुखतं म्हणून भरती झाला. दुखणं डावीकडे खाली. सर्जन नवीनच आले होते. त्यांना मुतखडा वाटला. छातीचा फोटो तेव्हा सगळ्यांचाच व्हायचा. दुपारची वेळ. बाकीची पोरं जेवायला गेली होती. विभागात मी आणि करुणा, दोघंच. फोटो तिनं काढला, फिल्म तिनं धुतली आणि ओली फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून मला हाक मारली.

"सर, या भाऊचं हृदय जेवनीकडे आहे."

मी पाहिलं. 'जे' सुलट होतं. आणि हृदय त्याच बाजूला.

मी हसलो. हृदय डावीकडे असतं. नव्या पोरांची अक्षरं मात्र रोज चुकीच्या बाजूला लागतात, हे मी इतक्या वर्षांत शंभरदा पाहिलं होतं. म्हटलं, "पोरी, तू अक्षर चुकीच्या खांद्याकडे चिकटवलंस."

"नाई सर. मी जेवनीकडेच लावलं. त्याले विचारून लावलं, भाऊ जेवता कोन्या हातानं म्हणून."

"मग त्यानं चुकीचा हात सांगितला असेल."

"अजून एक काढू का? बाहीरच बसून आहे तो बाकावर."

"फिल्म काय झाडाले लागते का?" मी म्हणालो.

तो बाकावर होता. दारातून मला त्याचे पाय दिसत होते. एक फिल्म... पण मला ते नवे सर्जन आठवत होते. आदल्या दिवशी त्यांनी दुसऱ्या एका फोटोवरचं 'डा' पाहून सगळ्यांसमोर विचारलं होतं, "हे काय आहे, बालवाडी?" त्यामुळे मी कात्री घेतली, 'जे' असलेला कोपरा कापून टाकला, फिल्म उलटी फिरवली म्हणजे हृदय डावीकडे आलं, आणि पांढऱ्या शाईनं स्वतः R लिहिला. करुणा शेजारी उभी राहून पाहत होती.

आता तुम्हाला कळलं असेल. शंकरभाऊंचं हृदय खरोखरच उजवीकडे होतं. हजारो माणसांत एखाद्याचे आतले सगळे अवयव आरशातल्यासारखे उलट असतात, तसा तो होता. त्यामुळे त्याचं अपेंडिक्सही डावीकडे होतं आणि दुखत होतं ते तेच. फोटो सुलट गेला असता तर सर्जनना लगेच शंका आली असती. छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर कळायला हवं होतं असं पुढे कोणी कोणी म्हणालं. पण समोर फिल्म असली की माणूस कानांपेक्षा डोळ्यांचं ऐकतो. मुतखड्याची औषधं चालू राहिली, अपेंडिक्स फुटलं. नागपूरला नेलं, तिथे सगळा उलगडा झाला. तो वाचला, पण पुढचे कित्येक महिने अंथरुणात गेले आणि जड काम कायमचं सुटलं.

चौकशी झाली. फिल्म टेबलावर होती, कोपरा कापलेली. हा R कोणी लिहिला, असं विचारलं.

करुणा रडली-बिडली नाही. तिनं अगदी सरळ सांगितलं, "सर होते ना तिथं. सरांले विचारा." आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी सांगणारच, असं ती समजून होती.

मी म्हणालो, "मी त्या वेळी जेवायला गेलो होतो."

एवढंच वाक्य. पुढचं त्यांनी आपोआप जुळवलं. शिकाऊ मुलगी एकटी होती, अक्षर विसरली, घाबरून शाईनं लिहिलं. तिचं प्रशिक्षण तिथेच थांबवलं. वर्ष पुन्हा करा म्हणाले, पण घरच्यांनी पाठवलं नाही. शंकरभाऊंच्या गावात तिचं नाव घेऊन लोक बोलायचे. पुढच्या प्रत्येक बॅचला मी अक्षराचा धडा शिकवताना 'एका मुलीनं केलेली चूक' सांगायचो. उदाहरण म्हणून! हेसुद्धा मी केलं.

ती जाताना 'डा' तिच्या कोटाच्या खिशात राहिलं असावं. 'जे' माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. काही दिवसांनी मी ते खिशात घालून पवनारला गेलो आणि पुलावरून धाम नदीत टाकलं. टप्पकन आवाज आला, झालं.

आता मूळ अनुभव.

या हिवाळ्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी फिटनेससाठी छातीचा फोटो लागतो. वर्ध्यातल्या एका नव्या सेंटरला सकाळी दहाच्या सुमारास गेलो. स्वच्छ ऊन होतं, बाहेर पाच-सात माणसं बसलेली, टीव्हीवर भजन चालू. भीतीदायक असं काहीही नव्हतं.

मशीन एकदम नवं, डिजिटल. फिल्म नाही, डार्करूम नाही, शिशाचं अक्षरही नाही — R कॉम्प्युटरच टाकतो. मला उभं करायला एक शिकाऊ मुलगी होती, विशीची. हनुवटी वर, खांदे पुढे, सगळं नीट केलं. मनातल्या मनात मी तिला मार्क देत होतो. शर्ट काढून त्यांचा गाऊन घातलेला. गळ्यात, हातात काही नाही.

"श्वास घ्या काका... थांबा... सोडा."

मी गाऊनवरच तिच्या मागे काचेपलीकडे गेलो. जुनी सवय, आपला फोटो आपण पाहायचा. तिचा सीनिअर राहुल म्हणून एक मुलगा होता, तो स्क्रीनसमोर बसला होता. फोटो उमटला. माझ्या उजव्या खांद्याच्या वर कॉम्प्युटरचा R होता, आणि त्याच्या खाली दुसरं एक अक्षर. पांढरंशुभ्र, कडा ठसठशीत.

'जे'.

मात्रा वाकडी. एका शिंगासारखी.

मी घाबरलो नाही. उलट फार शांत वाटलं. ज्याची बरेच दिवस वाट पाहत होतो ते माणूस दारात उभं दिसावं, तसं.

राहुल मात्र भडकला. "काऊन वं, हे काय चिकटवून ठेवलं?"

"सर, मी काहीच नाई लावलं."

"मंग हे काय आभाळातून पडलं? पाह्य ना! जे लिहिलं आहे. कोनाचं नाव आहे हे, जे? बॉयफ्रेंडचं?"

"सर, खरंच... आईशप्पथ." तिचे कान लाल झाले. ती प्लेटपाशी जाऊन हात फिरवून आली. काही नव्हतं. माझा गाऊन झटकला, काही नव्हतं.

"काका, ताईतगिईत घातला का?"

"नाही."

"मंग हिनंच केलं. रिलच्या नादात असते दिवसभर. सांगतो मॅडमले. महिनाभर मशीनले हात लावू देनार नाई तुले."

ती मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मदत मागत नव्हती. खोलीत तिसरं माणूस मीच होतो, म्हणून पाहिलं. काका होते ना तिथं, काकांना विचारा — असं ती म्हणाली नाही. पण मला ते ऐकू आलं.

"तिनं नाही लावलं," मी म्हणालो. "मी पाहिलं आहे. ते अक्षर माझं आहे."

"तुमचं? कुठं आहे?"

"धाम नदीत."

राहुलनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. म्हातारा कामातून गेलेला दिसतो, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ होतं. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "बसा काका. पानी आन वं त्याइले." मी म्हटलं, पाणी नको, दुसरा फोटो काढा. काढला. दुसऱ्यात काही नव्हतं, फक्त R. तो पहिला डिलीट करायला निघाला तेव्हा मी त्याचा हात धरला आणि त्याचा प्रिंट मागून घेतला. मॅडमनी, म्हणजे तिथल्या डॉक्टरांनी, तो पाहिला. म्हणाल्या, आर्टिफॅक्ट असेल, कधी कधी मशीनचा दोष येतो. मग स्वतःच हसल्या. "पण मराठी आर्टिफॅक्ट पहिल्यांदाच पाहते." त्या मुलीला कोणी काही बोललं नाही, हे मी जाण्याआधी पक्कं करून घेतलं.

जामला करुणाचं दुकान आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. त्या चौकातून बस जाताना मी दुसऱ्या खिडकीकडे पाहायचो. या वेळी उतरलो. मामा आता नाही. दुकान तीच चालवते. बॅटऱ्या, इन्व्हर्टर, बाहेर ट्रकची रांग. केस पांढरे व्हायला लागलेत, चष्मा लागलाय. मला पाहून खुर्ची पुढे केली.

"या सर. वाळले तुम्ही."

मी प्रिंट दिला. तिनं तो शटरच्या उजेडाकडे धरला. आधी कोपरा पाहिला. हाडं, हृदय, काहीच नाही. आधी अक्षर.

मग चष्मा पुसून पुन्हा तिथंच पाहिलं.

"मामाची मात्रा," ती म्हणाली. "हा तुमचा फोटो आहे? आत्ताचा?"

मी सगळं सांगितलं. चौकशीतलं माझं वाक्यही पुन्हा म्हटलं, जसंच्या तसं. ती बॅटरीच्या टर्मिनलच्या डब्यात हात घालून काहीतरी शोधत होती. 'डा' काढून काउंटरवर ठेवलं. काळपट पडलं होतं.

"अन् जे?"

"पवनारच्या पुलावरून टाकलं."

"काऊन?"

तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला आला. "ताई, लौकर पाहा बरं, ट्रॅक्टर चालू नाई होऊन राह्यलं." तिनं वायरी पाहिल्या. "भाऊ, प्लस-मायनस उलटं लावलं तुम्ही. घरी कोनी शिकवलं?" दोन मिनिटांत लावून दिलं आणि परत आली.

"डाव्या-जेवन्यात माझी चूक कधीच नाई झाली सर. इथं केली ना, तर धूरच निघते. लगेच समजते." मग म्हणाली, "तुमच्याकडे धूर निघाला नाई, एवढंच."

मी माफी मागितली. तिनं ती घेतली की नाही, सांगता येत नाही. म्हणाली, "मले सांगून काय होते? मले तं माहीतच होतं. ज्याइले माहीत नाई त्याइले सांगा. शंकरभाऊले सांगितलं का? नाई ना? आधी तिकडे जाजा. अन् मंग जेवढ्याइले खोटं सांगितलं, तेवढ्याइले खरं सांगा. माझं नाव लिहा. तवा चौकशीत लिहिलंच होतं ना."

शंकरभाऊंकडे गेलो. आता खूप थकलेत. अंगणात बाजेवर होते. सगळं ऐकून घेतलं, सदरा वर करून पोटावरचा व्रण स्वतःच एकदा पाहिला आणि म्हणाले, "म्हंजे डाक्टरले नाई समजलं, तुमाले नाई समजलं... त्या पोरीले समजलं होतं?" मी हो म्हणालो. "अन् आमी तिलेच शिव्या देल्या." मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी थोडा वेळ बसून निघालो.

जिथे नोकरी केली तिथे लेखी देऊन आलो. ज्या बॅचना ती 'चूक' सांगितली त्यातले कोणी ना कोणी हे सदर वाचत असतील, म्हणून इथे लिहितो आहे. R मी लिहिला होता. मी जेवायला गेलो नव्हतो.

राहिला फोटो. जुन्या प्लेटवर आधीच्या पेशंटची पुसट छाया राहून जायची, तिला आम्ही गंमतीनं घोस्टच म्हणायचो. पण ही छाया पुसट नव्हती, मशीन नवं होतं आणि ते अक्षर त्या इमारतीत कधी गेलंच नव्हतं. मला भास झाला म्हणावं तर राहुलनं वाचलं, त्या मुलीनं वाचलं, मॅडमनी वाचलं. ऑपरेशनच्या आधी एकदा आणि नंतर एकदा माझे आणखी फोटो निघाले. त्यांत काही नाही. कोणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

मला एक टेक्निशियन म्हणून एवढंच खात्रीनं सांगता येतं की ते अक्षर सुलट होतं, आणि जेवन्या बाजूलाच होतं.